बाळाबाईची भिंत

कोरेगावात घर भाड्यानं द्यायचं म्हटलं की मालकाचा पहिला सवाल ठरलेला असायचा : "मंडळी बरूबर हायत न्हवं?" एकट्या बाप्याला खोली द्यायला कुणी राजी नसे. एकटा बाप्या म्हणजे विड्यांची थोटकं, खरकटी भांडी आणि शेजारपाजारच्या आयाबायांना घोर. हा रिवाज साऱ्या गावाचा. आणि पलटणीतून पेन्शनीवर आलेला हवालदार हिंदुराव मात्र एकसष्ट सालच्या भाद्रपदात घर भाड्यानं द्यायला काढून दारात आलेल्याला भलतंच विचारत होता. बायको बरोबर नाही ना? आई, बहीण, मावशी, कुणी बाईमाणूस मागनं येणार नाही ना? नाही म्हणालात तर बसा, चहा घ्या. हो म्हणालात तर रामराम.

आता गाव हसणार नाही तर काय करणार? हजामाच्या दुकानात, पारावर, गिरणीत एकच विषय. कुणी म्हणायचं, म्हातारा बायको गेल्यापासून बायांना भितोय. कुणी म्हणायचं, पलटणीतली खोड आहे, घराची बराक करणार.

हिंदुरावाची अडचण तशी साधी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. समोरच्या माणसाचं तोंड म्हणजे त्याला नुसता पांढुरका डाग दिसायचा, आवाजावरून माणूस ओळखायचा. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, आधी एक डोळा, महिन्या-दीड महिन्यानं दुसरा, मग चष्मा, चार महिने धरून चाला. लेक अक्काताई माधवनगरात दिलेली, जावई तिथल्या कापडाच्या गिरणीत. तिच्याकडे राहायची सोय होती. प्रश्न घराचा होता. दगडमातीचं घर चार महिने कुलपात ठेवायचं म्हणजे उंदरांना आणि वाळवीला आमंत्रण. घरात चूल पेटली पाहिजे, धूर आढ्याला लागला पाहिजे, माणसाचा वावर पाहिजे. म्हणून भाडेकरू हवा होता. चार महिन्यांचाच.

शेजारचा चुलतभाऊ भाऊसो एकेक गिऱ्हाईक घेऊन यायचा. ग्रामसेवक आला, सोन्यासारखा माणूस, पण बायको बरोबर. बाद. सोसायटीचा कारकून आला, त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली, दिवाळीनंतर यायची होती. तोही बाद. एस. टी. चा एक कंडक्टर जवळजवळ ठरला होता, पण जाता जाता बोलून गेला, "आई अधनंमधनं येऊन सारवून-बिरवून जाईल, घर लख्ख ठेवू." त्या एका शब्दावर हिंदुरावानं त्याला दारातनं परत लावलं.

भाऊसो वैतागला. "आरं, सारवतो म्हनला त्यो. जाळतो न्हाई म्हनला."

हिंदुरावानं तोंड फिरवलं.

गोष्ट सारवण्याचीच होती. गेल्या वर्षी घट बसायला चार दिवस होते. त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, शेण-माती कालवली, पदर खोचला आणि मधल्या घरातल्या भिंतीपासून सुरुवात केली. अर्धी भिंत सारवून झाली आणि ती म्हणाली, "कायतरी हुतंय बगा छातीत." एवढंच म्हणाली. हात धुवायलाही उठली नाही. हिंदुरावानं तिला मांडीवर घेतलं तेव्हा तिच्या हातावरची माती ओलीच होती, आणि ती त्याच्या सदऱ्याला लागली. तो सदरा त्यानं धुतला नाही, पण माती काय कापडावर टिकते थोडीच? वाळली आणि झडून गेली. उरली ती भिंत.

बाळाबाईच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट गुऱ्हाळाच्या चरकात गेलेलं होतं, लग्नाआधीच. त्यामुळे तिचं सारवण अख्ख्या गावात ओळखू यायचं. दोन रेघा, मग मोकळी जागा, मग करंगळीची एक बारीक रेघ. वळसा घेऊन खाली येणारी. दुसऱ्या कुठल्याच बाईच्या हाताला ती रेघ जमायची नाही. हिंदुराव रोज सकाळी त्या भिंतीपाशी बसायचा आणि डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून बोटांनी ती मोकळी जागा चाचपायचा. मिरजेला जायचं ते तरी कशासाठी? जग बघायची त्याला हौस नव्हती, बर्मा बघून झाला होता. त्या रेघा एकदा डोळ्यांनी स्वच्छ बघायच्या, एवढीच त्याची आस होती.

आणि त्यात वचन होतं. दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. झाडावर वीस कावळे, पण एक खाली उतरेना. माणसं हात जोडून सांगायला लागली. भाऊसो म्हणाला, "वैनी, अक्काताईचं आमी बघतो." कावळा नाही. कुणी म्हणालं, गाय विकणार नाही. कावळा नाही. ऊन डोक्यावर आलं, माणसं कुजबुजायला लागली की बाईचा जीव कशात तरी अडकलाय. तेव्हा हिंदुराव पिंडाजवळ वाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "तुझी भित हाय तशी ठेवतो. कुनाला शिवू द्यायचो न्हाई." तो मागं सरतोय न सरतोय तोच कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला.

मग सुरू झालं ते ऐकू येणं. पहाटे जाग आली की मधल्या घरातनं आवाज यायचा. थप, सर्र. थप, सर्र. ओला हात भिंतीवर टेकायचा आणि वळसा घेऊन खाली यायचा. पहिल्यांदा हिंदुरावाच्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदाही आला. महिन्याभरानं मात्र तो त्या आवाजाची वाट बघत पडून राहायला लागला. भिंत अर्धीच झाली होती ना, ती पुरी करत असेल बिचारी. सकाळी बोटांनी चाचपलं की भिंत कोरडीच असायची आणि अर्धीच असायची, पण त्यानं त्याला काही फरक पडत नव्हता. हे सगळं गावाला सांगितलं असतं तर गाव काय म्हणालं असतं? हवालदार बायकोपायी येडा झाला म्हणालं असतं. म्हणून तो गप्प राहिला. बाई नको म्हणायचा, कारण विचारलं की तोंड फिरवायचा.

अशात मलेरियाचे लोक आले. पंप, बादल्या, उग्र वासाचं पांढरं औषध. प्रत्येक घराच्या भिंती फवारायच्या आणि चौकटीवर गेरूनं तारीख घालायची. त्यांतला एक तरुण, नाथाजी बनसोडे, मूळचा आटपाडीचा, आळीतल्या बायांना दारोदार बजावत होता, "औषध मारलंय. आता तीन महिने भिंती सारवायच्या नाहीत. सारवलंत की औषध गेलं मातीखाली, आणि डास परत तुमच्या उशाला."

"आन नवरात तोंडावर आलंया त्येचं काय?" एक म्हातारी त्याच्या अंगावर गेली. "देवीला काय सांगू?"

"देवीला सांगा, मलेरियावाला आला होता."

बाया हसल्या. ओट्यावर बसलेल्या हिंदुरावाचे मात्र कान टवकारले. सारवू नका म्हणून सांगत फिरणं हीच ज्याची नोकरी, असा माणूस शोधून सापडला नसता तो दारात चालून आला. नाथाजी आत आला, मधल्या घरात पंप रोखला, तर हिंदुराव आडवा आला. "ही एक सोडा."

"एक भिंत सोडली तर सगळे डास तिथंच बसतील, आबा."

"बसू द्यात. त्येंचं त्येनी बसावं."

नाथाजीनं हुज्जत घातली नाही. पंप खाली केला. हिंदुरावानं विचारलं, राहतोस कुठं? तर दवाखान्याच्या औषधाच्या कोठीत, पावडरीच्या पोत्यांवर. लग्न? झालं नाही. घरचं कोण? आई, ती आटपाडीला. एवढं ऐकल्यावर हिंदुरावानं घराचं काढलं. नाथाजी म्हणाला, "आधीच सांगतो. आम्ही बौद्ध. मागनं कळतं आणि सामान रस्त्यावर येतं, त्यापेक्षा आत्ताच सांगितलेलं बरं."

"म्या कुठं इचारलं?" हिंदुराव म्हणाला.

हे कळल्यावर भाऊसो तणतणत आला. "डोळ्याबरूबर डोस्कंबी गेलं व्हय रं? भावकीच्या आळीत त्येला ठेवनार?"

"बर्मात मांडीतली गोळी काढली, तवा रगत कुनी दिलं म्हनून इचारलं न्हवतं मी. जा घरी." भाऊसो गेला तो आठ दिवस बोलला नाही. हिंदुरावाला त्याचं काही वाटलं नाही. खरं तर मनातल्या मनात तो स्वतःवर थोडा खूषच होता.

वर्षश्राद्ध उरकून तो निघाला, त्या दिवशी नाथाजीला त्यानं सगळं घर दाखवलं. चूल इथं, पाण्याचा रांजण इथं, आढ्याला धूर लागू दे, सांजच्याला दिवा लाव. कुठंही बस, कुठंही नीज, घर तुझं समज. मग मधल्या घरात आला आणि त्याचा आवाज बदलला. "ही भित तेवढी. हिला शिवायचं न्हाई."

नाथाजी भिंतीपासून एक पाऊल मागं सरला.

"तुजं कुनी आलं गेलं तर त्येनलाबी सांग. शिवायचं न्हाई."

"बरं," नाथाजी म्हणाला.

गुणी पोरगं, उलटून एक प्रश्न नाही, असं हिंदुरावाला वाटलं. त्या पोराचं तोंड त्या वेळी कसं झालं होतं, ते त्याला दिसलं नाही. दिसणार कसं? आणि आपल्या तोंडातनं कोणता शब्द गेला, हेही त्याला कळलं नाही. नदीकाठी दिलेला शब्द होता तो, वर्षभर जपलेला. त्याच्या जिभेवर दुसरा यायचाच नाही.

माधवनगरात दिवस भोंग्यावर चालायचा. जावई पाळीला जायचा, अक्काताई सूप-चाळणीत गुंतलेली, आणि पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आलेला हिंदुराव पट्टी बांधून खाटेवर. हलायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचंसुद्धा बेतानं. तिथं पहाटे आवाज यायचा नाही. अर्ध्या झोपेत तो कान द्यायचा, तर नुसती गिरणीची घरघर. ती तिकडं एकटी आहे, तिच्या घरात परका माणूस आहे, ती बावरली असेल, असं त्याच्या मनात यायचं आणि पट्टीखाली डोळ्याला पाणी सुटायचं. डॉक्टरनं रडायला बंदी केली होती.

कोजागिरीच्या सुमाराला परतीचा पाऊस वाऱ्यावादळासह झोडपून गेला. चार दिवसांनी नाथाजीचं कार्ड आलं. जावयानं वाचून दाखवलं : "वाऱ्यानं कौलं सरकली. मधल्या भिंतीवर पाणी उतरलं आहे. कौलं बसवून घेतली. भिंतीला ओल आहे, फुगवटा धरला आहे. काय करावं ते कळवावं."

हिंदुराव खाटेवर उठून बसला. अक्काताई ओरडली, आबा, पडा, डोळा जाईल. तो म्हणाला, "लिव्हा. कौलं बसवली ह्ये ब्येस केलं. भित आपसूक वाळंल. शिवू नका."

जावयानं लिहिलं, जसं सांगितलं तसं. शिवू नये.

पुन्हा कार्ड आलं नाही. हिंदुरावानं मनाची समजूत घातली, वाळली असेल, नाहीतर पोरानं कळवलं असतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तो कोरेगावच्या स्टेशनात उतरला तो डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा लावून. वर्षादोनवर्षांत न दिसलेलं सगळं दिसत होतं. पिंपळाचं पान न् पान दिसत होतं, पायाखालच्या मुंग्या दिसत होत्या. भाऊसो समोरून आला तर त्याच्या मिशा पांढऱ्या झालेल्या. "लय म्हातारा झालास रं," हिंदुराव म्हणाला आणि थांबला नाही. त्याला घाई होती.

घर बघून तो दारातच उभा राहिला. अंगण सारवलेलं, ओटा सारवलेला, उंबऱ्याजवळ बोटभर रांगोळी. आतनं एक म्हातारी बाई आली, हिरवं लुगडं, हात शेणानं माखलेले. नाथाजीची आई, रंगूबाई. पोराला तापानं धरलं म्हणून ती आटपाडीहून आली होती. गावाला गोळ्या वाटणारा मलेरियावाला स्वतःच मलेरियानं पडला होता, आणि हे गावानं चवीनं चघळलं होतं. पोरगं बरं झालं तरी ती राहिली होती. "या दादा," ती म्हणाली. "चौथा म्हैना लागला. घर दिलं तसं माघारी द्यायचं म्हनून सारवून काढलं. आमच्या मागं कुनी नाव ठिवाय नगं."

हिंदुराव तिच्या बाजूनं आत घुसला. मधलं घर. चष्मा सारखा करून त्यानं वर पाहिलं.

भिंतीचे दगड उघडे पडले होते. वरपासून खालपर्यंत माती सुटून आली होती आणि भिंतीच्या पायाशी तिचा ढीग पडला होता. साऱ्या घरात केर नाही, कचरा नाही, आणि मधल्या घरात तो ढीग, तसाच, पडला होता तसा. त्याच्या कडेनं जायला-यायला वाट पडली होती. ढिगाच्या कडेपर्यंत जमीन सारवलेली होती, नीट, गोल, आणि ढिगाला बोट लागू दिलं नव्हतं.

हिंदुराव खाली बसला. हातात एक ढेकूळ आलं. त्याच्यावर दोन रेघा होत्या, मोकळी जागा होती, एक बारीक रेघ होती. नव्या डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं.

"कवा?" त्यानं विचारलं.

"पावसानंतर नवव्या दिशी," रंगूबाई दारात उभी राहून म्हणाली. "तुमचं कारड आलं, त्येच्या दुसऱ्या दिशी. दुपार हुती. पोरगं तापात पडल्यालं. म्या हितंच, चुलीम्होरं बसल्याली. पोपडा सुटताना दिसत हुता मला. पयलं वरनं चिरला, मग हळूहळू म्होरं आला. दोन हातांनी दाबून धरला असता आन फळी लावली असती तर ऱ्हायला असता." तिनं दोन्ही हात मागं घेतले. "पर तुमी शिवू नगा म्हनला हुता. येकदा तोंडानं, येकदा लिवून."

"ती भित..." हिंदुरावानं ढेकूळ पुढं धरलं.

तेवढ्यात नाथाजी आला. खाकी पिशवी त्यानं खुंटीला लावली. हिंदुरावाला त्याचं तोंड आज पहिल्यांदा दिसलं. जवान, सरळ तोंड, आणि बंद. "ढीगही काढला नाही," तो म्हणाला. "म्हटलं, मालक येतील, त्यांच्या माणसांकडनं काढून घेतील. आम्ही शिवलो नाही. भाऊसोंना विचारा हवं तर."

तेव्हा हिंदुरावाला कळलं. आधी कानाच्या पाळ्या तापल्या, मग सगळं अंग. बर्मातलं रक्त, भाऊसोला दिलेलं उत्तर, स्वतःवरची खुशी, सगळं एकदम आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो बोलत सुटला. वर्षभर कुणाला न सांगितलेलं त्या दोघांना सांगितलं. चरकात गेलेलं बोट, अर्धी राहिलेली भिंत, न उतरणारा कावळा, पिंडाजवळ दिलेला शब्द. पहाटेचा आवाजसुद्धा सांगितला. सांगताना रडला. आता डॉक्टरची बंदी नव्हती.

रंगूबाई ढिगापाशी येऊन उकिडवी बसली. त्याच्या हातातल्या ढेकळाकडे तिनं बराच वेळ पाहिलं आणि हात न लावता हवेतच बोट फिरवलं. दोन रेघा, मोकळं, एक रेघ.

"आवं दादा," ती म्हणाली, "येवडंच सांगायचं हुतं. बायकूचा हात हाय म्हनला असता, तर म्या माजी पाठ लावून बसले असते त्या भितीला, वाळंस्तोवर. पर तुमी म्हनला शिवू नगा. आमाला त्या शब्दाचा दुसरा अर्थ कुनी शिकवलाच न्हाई."

नाथाजी बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

हिंदुरावानं दोघांना राहा म्हणून विनवलं, चार महिने काय, चार वर्षं राहा. नाथाजी म्हणाला, दवाखान्यातल्या कोठीवाल्याला सांगून झालंय. रागानं म्हणाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ट्रंक उचलली, रंगूबाईनं किल्ली हिंदुरावाच्या हातात दिली, आणि ती जाताना उंबऱ्यात क्षणभर थांबून मधल्या घराकडे वळून बघून गेली. बाळाबाईला दिलेला शब्द तंतोतंत पाळला गेला होता. भिंतीला कुणीसुद्धा शिवलं नव्हतं.

त्यानंतर पहाटेचा आवाज आला नाही. हिंदुराव महिनाभर कान लावून पडून राहिला. मग एक दिवस त्यानं ढिगातली ती माती भिजवली, नवं शेण घातलं आणि स्वतःच्या हातानं भिंत सारवली. वेडीवाकडी सारवली. रेघांचं ढेकूळ तेवढं देवळीत ठेवलं.

पुढं त्याच्या पुढच्या खोलीत चार-सहा महिन्यांचे पुष्कळ भाडेकरू येऊन गेले. बायकापोरांचे आले, एकटेदुकटे आले, कुणाची जात त्यानं विचारली नाही आणि कुणाला नाही म्हटलं नाही. अट एकच. सामान आत आणायच्या आधी तो नव्या भाडेकरूला मधल्या घरात न्यायचा आणि म्हणायचा, "आधी ह्या भितीला शिवा." गाव याही गोष्टीला हसलं. माणसं गोंधळून तळहात टेकवायची आणि तो सांगेल तसा वळसा घेऊन खाली ओढायची. तेवढा वेळ हिंदुराव चष्मा काढून, डोळे मिटून, कान देऊन उभा राहायचा. मग किल्ली द्यायचा.